पुरणाचा क्रोसाँ आणि त्याआधीचं बरंच काही

मी लातुरात घरूनच बेकिंगच्या ऑर्डरी घेते. गेल्या दिवाळीत पुरण भरलेले क्रोसाँ, म्हणजे चंद्रकोरी आकाराची पापुद्र्यांची फ्रेंच पेस्ट्री, केले, तेव्हा नेहमीच्या एका ताईंनी डबा हातात घेत विचारलं, "हे फॅड कुठून आणलंस गं?" घाई होती, हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण मला ते फॅड वाटत नाही. फ्रेंच पेस्ट्री आणि आपलं गोडधोड एका ताटात येण्यामागे बराच जुना धागा आहे, आणि तो आपल्याच स्वयंपाकघरातून जातो.

तो धागा म्हणजे पापुद्रा.

परळीकडच्या आमच्या गावी आजी दिवाळीला चिरोटे करायची. सगळं कौशल्य साट्यात. थिजलेलं तूप परातीत घ्यायचं, गार पाण्याचा हबका मारत तळव्याने फेसायचं. पिवळसर तूप हळूहळू पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं झालं की पाणी निथळून त्यात तांदळाची पिठी. साटा जमला का, हे आजी वाटीभर पाण्यात त्याचा ठिपका टाकून बघायची. तरंगला तर जमला, बुडाला तर पुन्हा फेसायचा. मग रवा-मैद्याच्या तीन पातळ पोळ्या, प्रत्येकीवर साटा फासून एकीवर एक. त्यांची घट्ट वळकटी, वळकटीचे तुकडे, तुकडे हलक्या हाताने लाटायचे आणि मंद आचेवर तुपात सोडायचे. झाऱ्याने वरून तूप उडवलं की पदर सुटे होऊन गुलाबासारखे उमलायचे. साट्याच्या करंज्यांनाही हीच रीत.

फ्रान्समधला पेस्ट्रीवाला करतो ते याहून फार वेगळं नाही. तो साट्याऐवजी बटरची अख्खी लादी पिठाच्या पोळीत गुंडाळतो, लाटतो, तीन पदरी घडी घालतो, गार करतो, पुन्हा लाटतो. प्रत्येक घडीला थर तिप्पट होतात. क्रोसाँला साधारण तीन घड्या, म्हणजे बटरचे २७ थर. पफ पेस्ट्रीला सहा घड्या घातल्या की ७२९. दोन्हीकडे तत्त्व एकच: पिठाच्या दोन पदरांत स्निग्धाचा पडदा राहिला की पदर एकमेकांना चिकटत नाहीत. आपण हा पडदा तुपात तळून मोकळा करतो, ते भट्टीत वाफेवर फुलवतात.

पदरांच्या आणि पुरणाच्या कामात आपण नवखे अजिबात नाही. उमरग्याच्या पलीकडे, आजच्या बसवकल्याणला चालुक्यांची राजधानी होती आणि मराठवाड्याचा मोठा भाग तिच्या अंमलाखाली होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मांडे आणि पोळ्यांचे उल्लेख आहेत. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा तर पैठणजवळच्या आपेगावात लहान पोरंही सांगतील.

आता फ्रान्सकडे वळू. आपण ज्याला अस्सल फ्रेंच समजतो, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेलं आहे. क्रोसाँचं मूळ व्हिएन्नाच्या चंद्रकोरी पावात, किप्फर्लमध्ये आहे. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३९च्या सुमाराला पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून या पावाची चटक शहराला लागली. बटरच्या घड्यांचा, पापुद्रे सुटणारा आजचा क्रोसाँ त्यानंतर फ्रेंचांनी घडवला. बाबा नावाचा पाकात बुडवलेला केक पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास याच्या दरबारातला. त्याच्याकडचा पेस्ट्रीवाला स्तोरेर याने १७३० मध्ये पॅरिसमध्ये दुकान थाटलं. मऊ, जाळीदार केक पाकात मुरवायचा, ही कल्पना गुलाबजाम खाणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. या साऱ्याला शिस्त लावली ती आंतवान कारेम या फ्रेंच आचाऱ्याने. १८१५ साली त्याचा पेस्ट्रीवरचा मोठा ग्रंथ आला आणि घरोघरच्या हातोटीला मापं, क्रम आणि नावं मिळाली. मला त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं ते हेच. आजीच्या साट्याला वजन-माप नव्हतं, त्यामुळे तो तिच्यानंतर घरात कुणालाच तसा जमला नाही.

फ्रेंच माणसं मराठवाड्यात फार आधी येऊन गेलीत. १७५१ मध्ये निजाम सलाबतजंगाबरोबर बुसी हा फ्रेंच सेनानी औरंगाबादेत दाखल झाला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने रेमंड या फ्रेंच सेनानीच्या हाताखालच्या पलटणी लढल्या. खर्डा भूमपासून लांब नाही, आणि भूमच्या खव्याची गोष्ट पुढे येणारच आहे. पण ही मंडळी तोफा-बंदुकांच्या कामाला आली होती. गोडाची वाट दुसरीकडून आली.

ती आली बेकरीच्या भट्टीतून. पाव पोर्तुगीजांनी आणला, इंग्रजी अमदानीत तो गावोगाव पोचला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपल्याकडच्या गोडावर हैदराबादचा हात. तिथला 'डबल का मीठा' घ्या: डबलरोटीचे काप तुपात तळायचे, पाकात भिजवायचे, वरून आटीव दूध, केशर, सुकामेवा. परदेशी पाव आणि देशी पाक-रबडी यांचं हे लग्न आपल्या लग्नांच्या जेवणावळीत किती वर्षं वाढलं जातंय! त्याला कुणी फ्यूजन म्हटलं नाही, इतकंच.

आणि खारी. सकाळच्या चहात बुडवतो ती खारी म्हणजे पफ पेस्ट्रीच आहे. मैद्याच्या पोळीत मार्गारिन किंवा डालडा, घड्यांवर घड्या, मग भट्टी. बेकरीतलं पॅटिस, शंकूच्या आकाराचा क्रीम रोल ही तिचीच भावंडं. म्हणजे नांदेडच्या किंवा परभणीच्या पोराने क्रोसाँचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी त्याचा चुलतभाऊ खाल्लेला असतो. फरक बटरचा. मार्गारिन उन्हाळ्यातही टणक राहतं, म्हणून आपल्या हवेत आणि आपल्या भावात ते बेकरीवाल्यांना परवडलं. चवीत मात्र ते टाळूला चिकटतं.

अंड्याचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. माळकरी आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, श्रावण आहे, चतुर्थ्या आहेत. माझ्या बहुतेक ऑर्डरी बिनअंड्याच्या असतात. इथेच मला वाटतं की पापुद्र्याची पेस्ट्री आपल्याकडे रुजणं साहजिक होतं. क्रोसाँच्या किंवा पफच्या पिठाला अंडं लागत नाही, फक्त वर चकाकी यावी म्हणून लावतात, तिथे दूध-साय चालते. एक्लेअर, म्हणजे आत क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री, तिचं शू नावाचं पीठ मात्र अंड्यावरच फुलतं. त्याला खरा पर्याय मला आजवर मिळालेला नाही, म्हणून मी ते करत नाही. आतल्या क्रीमचा प्रश्न तर फार पूर्वी सुटला. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं चालत नाही म्हणून कॉर्नफ्लॉरची कस्टर्ड पावडर केली. आपल्या फ्रूट कस्टर्डातली पावडर तीच, आणि बिनअंड्याचं पेस्ट्री क्रीम त्याच युक्तीवर उभं राहतं.

नावानिशी 'फ्यूजन' आलं ते अलीकडे. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रांनी २०१० मध्ये मुंबईत ल फिफ्टीन ही पातिसरी, म्हणजे फ्रेंच पेस्ट्रीचं दुकान, सुरू केली आणि माकारोन (बदामाच्या पिठाच्या दोन चकत्यांत क्रीम भरलेलं फ्रेंच गोड) हा शब्द मराठी घरांतही ऐकू येऊ लागला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कात दोमिनिक आन्सेल या पेस्ट्रीवाल्याने क्रोनट, म्हणजे क्रोसाँ आणि डोनटची जोडी, काढला, त्यासाठी पहाटेपासून रांगा लागल्या आणि पेस्ट्रीत काहीही करून बघता येतं हा धीर जगभर पसरला. आपल्याकडे तो मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, चाळीस लिटरच्या ओटीजी ओव्हनमधून आणि घरगुती क्लासेसमधून पोचला.

मराठवाड्याचं यातलं खरं बळ मालात आहे. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा या तिन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरभरा डाळीची तर लातूर पेठच. भूम-कुंथलगिरीकडचा खवा इतका दाट की पेस्ट्री क्रीममध्ये घातल्यावर साखर निम्मी करावी लागते. पण प्रत्येक जिन्नसाची खोड ओळखावी लागते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. माझं पहिलं क्रीम मी गरासकट शिजवलं होतं, सगळं टाकून द्यावं लागलं. आता क्रीम पूर्ण गार करून मगच गर मिसळते. पुरण पोळीला चालतं तेवढं सैल क्रोसाँत चालत नाही, आतला पदर कच्चा राहतो. उलथणं उभं राहील इथपर्यंत ते आटवायचं, त्यात जायफळ आणि सुंठ जरा सढळ हाताने, कारण बटर मसाल्याची धार बोथट करतं. गुलाबजाम कापून क्रोसाँत कोंबणं मला पटत नाही. पाक पापुद्र्याला मारतो, आणि मग दोन्हीपैकी एकही धड लागत नाही.

आणि ऊन. घडी घालताना बटर १५ अंशांच्या आसपास हवं, वाकेल पण फुटणार नाही असं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतं. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या घडीलाच लाइट गेली, तीन तास आली नाही, आणि बटर पिठात विरून सगळ्याचा ब्रेड झाला. तेव्हापासून मी पहाटे चारला घड्या घालते, ओट्याखाली बर्फाची ताटं ठेवून.

मधे एकदा बटर काढून टाकून नुसता आजीचा साटा घालून क्रोसाँ केले. खुसखुशीत झाले, पण फुलले नाहीत. कारण नंतर ध्यानात आलं: बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, त्याची वाफ पदर उचलते. तुपात पाणीच नाही, आणि फेसताना मुरलेलं थोडंफार पिठीने पिऊन टाकलेलं. आता पहिल्या दोन घड्या बटरच्या घालते आणि शेवटच्या घडीआधी पोळीवर साट्याचा पातळ हात फिरवते. आतून क्रोसाँ मऊ, जाळीदार राहतो, वरचे पदर चिरोट्यासारखे सुटतात. त्या ताईंनी यंदा दोन डझन सांगितलेत. डबा द्यायला जाईन तेव्हा त्यांना साटा फेसून दाखवायचं ठरवलंय, सोबत वाटीभर पाणी.