चवथीचा रंग नरकासुरापर्यंत का टिकत नाही

गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या घराची पश्चिमेची भिंत दर वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी रंगवली जायची आणि दिवाळीला नरकासुर जाळेपर्यंत तिला पोपडे धरायचे. बाबा रंगवाल्याला शिव्या घालायचे, रंगवाला रंगाला, आणि दुकानदार म्हणायचा याच्या वरचा माल घ्या, सात वर्षांची गॅरंटी. तीन वर्षांपूर्वी तोही घेतला, रबरासारखा ताणला जाणारा वॉटरप्रूफ रंग, आणि त्याला तर तळहाताएवढे फुगे आले, बोटाने दाबले की आत पाणी हलताना कळायचं. एक फुगा मी ब्लेडने कापला. आधी चमचाभर पाणी आलं, मग त्याच्या मागे पांढरा, कापसासारखा भुरा. जिभेवर लावून बघितला (तुम्ही नका लावू), खारट आणि किंचित कडू. तेव्हा माझी ट्यूब पेटली की हे पाणी बाहेरून आत येत नाहीये, आतून बाहेर पडायला बघतंय, आणि आम्ही दर वर्षी पैसे खर्चून त्याच्यावर झाकण लावतोय.

घर चिऱ्याचं, भिंत दीड फुटाची. चिरा म्हणजे जांभा, पुस्तकातला लॅटराइट. हे नाव फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात दिलं, केरळात अंगडिपुरमला लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढताना त्याने बघितले होते आणि लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. लाखो वर्षं पाऊस पडून पडून मूळ खडकातली सिलिका आणि विरघळणारं बाकी बरंच काही वाहून गेलं, मागे राहिले लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणून रंग लाल आणि अंग भोकाभोकांचं. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर वाळला की कडक होतो. पण कडक झाला तरी भोकं राहतातच, आणि ती पाणी पितात.

किती वर पितात त्याचा हिशोब सोपा आहे. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, आणि नळी जितकी बारीक तितकं ते उंच जातं. नळीची त्रिज्या १ मिलीमीटर असेल तर पाणी जेमतेम दीड सेंटीमीटर चढेल, पण मिलीमीटरचा शंभरावा भाग असेल तर जवळपास दीड मीटर! प्रत्यक्षात भिंत इतकी वर भिजत नाही कारण वाटेत पाणी पृष्ठभागावरून उडून जात असतं. खालून येणारं आणि बाहेर उडणारं जिथे बरोबर होतं तिथे ओलीची रेघ थांबते. आता तुम्ही उडण्याची वाट बंद केली, म्हणजे सिमेंटचं प्लास्टर केलं, वर पुट्टी, प्रायमर आणि रबराचा रंग, तर ती रेघ काय करेल? वर सरकेल. आमची सरकली, खिडकीच्या चौकटीपर्यंत आली.

आणि गोव्यात पाणी काय थोडं आहे का. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. एक चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षात तीन लाख लिटर पाणी पडतं, १० हजार लिटरचे तीस टँकर. पन्हळ नसली तर हे सगळं वळचणीवरून जोत्याच्या पायाशी ओतलं जातं आणि उसळून भिंतीवर फूटभर तरी उडतं. शिवाय पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर येणारी झड वेगळीच. आजीच्या वेळी मे महिन्यात त्या बाजूला माडाची विणलेली चुडतं (झावळ्या) बांधायचे, आता ती कोण विणणार, आम्ही पत्र्याची छपरी बाहेर काढली.

या सगळ्यात चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भिंत अडीच-तीन महिने पाणी पिऊन बसलेली असते. चार दिवस ऊन पडलं, वरून कोरडी दिसली की आपण रोलर फिरवतो. जाड भिंत वाळायला इंचाला एक महिना असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे, अगदी शास्त्रशुद्ध नाही पण त्याने अंदाज येतो. ऑक्टोबरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते, ती रंगाच्या पापुद्र्यावर मागून दाब देते आणि फुगा येतो. रंगवाल्याचा यात तसा दोष नव्हता हे बाबांना अजून पटलेलं नाही.

आता तो पांढरा भुरा. जमिनीतले, सिमेंटमधले, कधी वाळूतले क्षार पाण्याबरोबर येतात, पाणी उडतं आणि ते जिथून उडतं तिथेच क्षार मागे राहतात. पृष्ठभाग मोकळा असेल तर ते बाहेर साठतात, झाडून टाकता येतात. रंगाच्या मागे अडकले तर दगडाच्या भोकांत त्यांचे स्फटिक वाढतात आणि वाढताना भोकांच्या भिंतींना रेटतात, म्हणून रंग काढल्यावर चिऱ्याचा लाल चुरा हाताला लागतो. साध्या मिठाची आणखी एक खोड आहे, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं, मग पाऊस नसतानाही दमट दिवशी भिंत ओली दिसते. भुरा आहे की बुरशी हे कळत नसेल तर पाण्याचा एक थेंब टाका, भुरा बहुतेक वेळा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते. आणि भुरा कधीही पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर तो परत भिंतीत जातो, कोरड्या ब्रशनेच झाडायचा.

रंगाआधी करायची एक चाचणी सांगते, खर्च शून्य. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस सोडून द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून पाणी सोडतेय, रंगाचे पैसे बँकेतच ठेवा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. आमच्या भिंतीवर नोव्हेंबरातसुद्धा आतून थेंब आले होते, जानेवारी संपताना थांबले.

मग त्या हिवाळ्यात आम्ही खालचं तीन फूट सिमेंटचं प्लास्टर छिन्नीने काढलं आणि मेस्ताला, म्हणजे गवंड्याला, म्हटलं चुन्याचं करूया. तो हसला, म्हणाला, "बाय, चुना लावून घ्यायला कोण पैसे देतो?" पण त्याच्या आजोबांनी हेच काम केलेलं, त्यामुळे तयार झाला. चुन्याचं रसायनशास्त्र मला फार आवडतं. चुनखडी किंवा शिंपल्या साधारण ९०० अंशांना भाजल्या की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून कळीचा चुना उरतो, पाणी घातलं की तो फसफसून उकळतो आणि विरतो, आणि भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. पण त्यात बारीक वाटा शिल्लक राहतात ज्यातून वाफ जाऊ शकते, आणि तो चिऱ्यापेक्षा मऊ असल्याने काही सोलायचंच झालं तर चुना सोलतो, दगड वाचतो. सिमेंटचं नेमकं उलट, ते चिऱ्यापेक्षा कडक, भिंत थोडी हलली की त्याला केसासारखी भेग पडते, भेगेतून पाणी आत जातं आणि परत यायला वाट नाही.

एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली नदीची वाळू, समुद्रावरची चुकूनही नाही. दगडांमधल्या दर्जा (सांधे) बोटभर खोल खरवडून, भिंत ओली करून आधी त्या भरल्या, मग पातळ थर. आठवडाभर ओली पोती टांगली, कारण कार्बन डायऑक्साइड घ्यायला चुन्याला थोडी ओल लागते, एकदम वाळला तर पिठासारखा सुटतो. वर दुधासारख्या पातळ चुन्याचे चार हात दिले, लावताना वाटतं काहीच लागत नाहीये, वाळला की पांढराशुभ्र. रंग हवा असेल तर लाल काव किंवा पिवडीसारखे मातीचे रंगच चुन्यात टिकतात, आपल्या देवळांवरची कावी चित्रं चुना आणि काव यांचीच आहेत. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात ग्लोव्ह्ज हवेतच, चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नका, तयार भिजवलेला आणा.

प्लास्टरपेक्षाही जास्त फरक पडला तो पेव्हर, म्हणजे अंगणातल्या फरशीचे ठोकळे, काढल्याने. अंगण छान दिसावं म्हणून आम्ही भिंतीला टेकवून पेव्हर आणि खाली काँक्रीट टाकलं होतं, म्हणजे जमिनीतली ओल वर उडायला जागाच नाही, मग ती भिंतीतून चढणार नाहीतर काय. दोन फुटांची पट्टी उखडून तिथे खडी टाकली आणि पन्हळ लावली. पाणी उसळायचंही थांबलं.

भिंतीवर शेंदरी-तांबडे डाग दिसले की लोक म्हणतात गंज उतरला. बहुतेकदा तो गंज नसतो, ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ असतं, मूळचं हिरव्या शेवाळांच्या कुळातलं पण अंगात गाजरासारखं केशरी रंगद्रव्य भरलेलं. ब्रशने घासून, ब्लीचिंगचं पाणी लावून जातं, मात्र ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. खरा गंज बघायचाय तर स्लॅबच्या छज्जाखाली बघा. तिथे काँक्रीटचा अल्कलीपणा कमी झाला किंवा खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. वरून सिमेंट थापून ते काम होत नाही, सळईच्या मागपर्यंत फोडून गंज काढावा लागतो, आणि सळई अर्धी राहिली असेल तर ते घरी करायचं काम नव्हे.

यंदा चवथीला भिंत रंगवली नाही. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला आलेल्या काकांनी विचारलं, काय, हात आखडता घेतला काय, तर बाबा म्हणाले, हिला विचारा. भिंत त्या दिवशी ओलीच होती, डाग डाग दिसत होते, नोव्हेंबरात वाळून परत पांढरी झाली. पहिल्या हिवाळ्यात ब्रशखाली मूठभर भुरा पडला होता, या वेळी दोन चमचे. न्हाणीच्या कोपऱ्यात मात्र अजून पडतोय, तिथला पाइप कुठेतरी झिरपतोय आणि तो उघडायला मेस्त जानेवारीत येतो म्हणालाय.