खाजण-पुनर्स्थापन

भरतीचे पाणी बांधाने अडवून पिकाखाली आणलेली खाडीकाठची जमीन, म्हणजेच खाजण, पुन्हा भरती-ओहोटीच्या स्वाधीन करून तिचे पाणथळ रूप परत मिळवण्याच्या कामास खाजण-पुनर्स्थापन म्हणता येईल. ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांनी अशी खाजणे पिढ्यानपिढ्या राखली होती.

चिखलाच्या बांधात बसवलेली उघाडी, म्हणजे पाण्याची झडपदार मोरी, हा खाजणाचा जीव. तिची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते आणि भरती चढू लागली की बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुऊन निघाले की मोड आणलेले बियाणे, म्हणजे रहू, चिखलात फेकत. काळा राता, भुरा राता ही क्षार सोसणारी भाते इथलीच. उघाडीपाशी जिताडा, चिंबोरी मिळे ते वेगळेच. बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर त्या हंगामाचे पीक जाईच, शिवाय जमीन गोडी व्हायला पुढचे काही पावसाळे लागत. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ स्थापन होऊन ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेती सुटलेल्या ठिकाणी बांध राखायला कोणी उरले नाही.

पुनर्स्थापनेत पहिले काम पातळी मोजण्याचे असते. राडारोड्याचा भराव काढून, जुन्या ओहोळांच्या तोंडाशीच बांध फोडला, की पाणी आपली वाट धरते, आणि पावसाळ्यात भरतीबरोबर तरंगत आलेले तिवराचे, म्हणजे कांदळवनातल्या झाडाचे, बी गाळात स्वतःच रुजते. त्यामुळे रोपे लावण्याचे सोहळे बहुधा अनावश्यक असतात. काही ठिकाणी तर ते घातकच, कारण रोहित पक्ष्यांना झाडी नव्हे, उघडा चिखल लागतो. ठाणे खाडीतील त्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण मिळाले. मात्र खांड पडून ज्याच्या खासगी शेतात तिवरे वाढली, त्या शेतकऱ्याला ती तोडता येत नाहीत आणि त्याची कोंडी होते.

नवी मुंबईचे धारण तलावही उघाडीच्याच तत्त्वावर चालतात: भरतीच्या वेळी दारे मिटतात, शहराचे पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत उतरते. यांतील काही तलावांत गाळ साचून तिवरे उगवली आहेत. गाळ उपसायचा तर ती तोडावी लागतात, आणि तोडायला न्यायालयाची परवानगी लागते.