संगणकाचे घड्याळ वारंवार का चुकते: एका सेलची पार्श्वभूमी

बरेच दिवस बंद असलेला घरचा संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ (सीमॉस म्हणजे वेळ व सेटिंग्ज जपणारी छोटी मेमरी) आणि ‘एफ-१ दाबा’ अशा ओळी उमटतात, आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्याने बँकेचे पान उघडत नाही आणि रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या पावतीवर भलतेच साल छापले जाते. घाईने विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळतो. त्याचा येथे काडीचा उपयोग नाही, कारण हा दोष मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकातील मुख्य बोर्डावरचा, छोटा सेल उतरल्याने होतो आणि १९८४ साली ठरलेल्या एका रचनेतून येतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नव्हते. डॉस ही तेव्हाची कार्यप्रणाली सुरू होताना तारीख आणि वेळ विचारत असे, बहुतेक लोक नुसते एंटर दाबून पुढे जात, आणि त्यामुळे असंख्य फाइलींवर १ जानेवारी १९८० ही एकच तारीख पडत असे. किती मेमरी, किती फ्लॉपी ड्राइव्ह हे सांगण्यासाठी मदरबोर्डवर बारीक स्विच असत. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची १४६८१८ ही चिप आली आणि ही दोन्ही कामे तिच्याकडे गेली. तिच्यातील ६४ बाइटपैकी १४ घड्याळ व त्याच्या नियंत्रणासाठी होते, तर उरलेल्या ५० मध्ये सेटिंग्ज ठेवता येत. घड्याळाला ताल देणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो. हे सारे जिवंत ठेवणारी बॅटरी मात्र एकच होती, म्हणून ती दमली की वेळ आणि सेटिंग्ज दोन्ही एकदमच जाऊ लागल्या.

पुढे अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असे. ती जुनी झाली की पाझरे आणि तिचा हिरवट क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकी, इतका की बोर्डच निकामी होई. त्यानंतर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल रुळला. त्याच्या नावातच २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी आहे.

१९९५ च्या एटीएक्स या मदरबोर्ड व वीजपुरवठ्याच्या रचनेपासून संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) थोडी वीज मिळत राहते आणि सेलवरचा भार हलका होतो. खानदेशात नेमके येथेच बिनसते. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाल्यावरच्या काळात घरोघरी संगणक येऊ लागले आणि त्याच दशकात भारनियमनही सोसावे लागले (दीपनगरचे औष्णिक केंद्र भुसावळच्या उशाला असूनही!). काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय तर आजही आहे, आणि ती विजांच्या दिवसांत शहाणपणाचीही आहे. पण वीज नसताना किंवा बटण बंद असताना घड्याळ निव्वळ सेलवर चालते. त्यात जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांकडे झुकणारा उन्हाळा, ज्यात लिथियम सेल आपोआपही लवकर उतरतो.

सेल बदलणे सोपे आहे. वायर काढावी, पॉवरचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, खाचेतील पट्टी बाजूला सारून जुना सेल काढावा आणि नवा अधिकची खूण वर ठेवून बसवावा. नंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तारीख तर भरावीच, शिवाय हार्डडिस्कचा मोड, म्हणजे तिच्याशी बोलण्याची पद्धत, पूर्वीसारखाच आहे ना हे पाहावे. तो मूळ स्थितीत जाऊन बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडते. इंटरनेटवरून वेळ जुळवण्यावर विसंबू नये, कारण घरगुती विंडोज एक्सपीत फरक १५ तासांहून जास्त असला की ती सोय वेळ दुरुस्तच करत नसे.

नवा सेल घालूनही सेटिंग्ज पुसल्या जात असतील, तर सीमॉस पुसण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) चुकीच्या पिनांवर राहिला आहे का ते आधी पाहावे. आणि घड्याळ दर वेळी बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला हात लावू नये: एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स असल्यास विंडोज चिपमध्ये भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तिला जागतिक वेळ समजते, आणि हा तंटा कोणत्याही एकाच्या सेटिंगमध्ये मिटवता येतो.