कंटेनरचं घर: आधी फोम, मग पॅनेल

जहाजावरून निवृत्त झालेला कंटेनर, त्याच्या बाजूला कापून बसवलेली काचेची सरकती दारं, छपरावर सौर पॅनेलांची रांग आणि वर ठळक अक्षरांत ‘वीजबिल शून्य!’ असले व्हिडिओ हल्ली सतत कुणी ना कुणी पाठवत असतं. पाठवणाऱ्याचा उत्साह मला समजतो, कल्पना आहेच तशी देखणी. पण बिल खरंच शून्यावर येणार का, हे ठरवणारी वस्तू त्या व्हिडिओंत जवळजवळ कधीच दिसत नाही. ती भिंतीच्या आत असते: उष्णता अडवणारा फोम.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाहतूकदाराचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं, आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. पुढे मापं जगभर एकसारखी झाली. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद, २.५९ मीटर उंच. रिकामा असताना वजन पावणेचार टनांच्या आसपास. भिंतीचा पत्रा मात्र जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा! एवढ्याशा पत्र्यावर कंटेनरांची चळत उभी राहते, कारण वरचा भार पत्र्यावर येतच नाही. तो चार कोपऱ्यांतल्या खांबांतून खाली उतरतो. पत्र्याचं काम चौकट तिरकी होऊ न देण्याचं, आणि त्यासाठी त्याला नाल्या पाडलेल्या असतात. सपाट कागद उभा राहत नाही, घड्या घातलेला राहतो, तसंच हे. म्हणून भिंत कापून मोठी खिडकी काढली, तर तिच्याभोवती पोलादी चौकट वेल्ड करावीच लागते. कंटेनर जमिनीत पुरून तळघर करण्याच्या फंदात तर पडूच नये. मातीचा आडवा दाब सोसायला या भिंती बनवलेल्याच नाहीत.

आता उष्णतेकडे वळू. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

पोलादाची उष्णतावाहकता साधारण ५०, तर चांगल्या पॉलियुरेथेन फोमची ०.०२५ (एकक: वॅट प्रति मीटर प्रति अंश). म्हणजे दोन हजार पट फरक. दोन मिलिमीटर पत्रा उष्णतेला अडवतच नाही म्हटलं तरी चालेल. जो काही थोडा अडथळा होतो तो पत्र्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरांचा. तो धरून हिशेब केला, तर उघड्या भिंतीच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे ५.९ वॅट उष्णता आरपार जाते. चाळीस फुटी कंटेनरच्या भिंती आणि छप्पर मिळून क्षेत्रफळ १०५ चौरस मीटर. बाहेर आतल्यापेक्षा फक्त १० अंश जास्त असतील, तर आत शिरणारी उष्णता झाली जवळपास ६.२ किलोवॅट. ती बाहेर काढायला पावणेदोन टनांचा एसी लागेल. तो साधारण २ किलोवॅट वीज खाईल आणि दहा तासांत २० युनिटं संपवेल. उन्हाने तापलेला गडद पत्रा हवेपेक्षाही कितीतरी गरम होतो, तो भाग मी अजून धरलेलाच नाही.

छपराचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटरही नाही. त्यावर ४०० वॅटची बारा पॅनेलं बसतील आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी २० युनिटांच्या आसपास वीज देतील. म्हणजे सगळी कमाई एसीच्या घशात. दिवे, फ्रिज, पंप, रात्रीसाठी बॅटरी, यांच्या वाट्याला काहीच नाही.

त्याच भिंतीला ५ सेंटिमीटर फोम लावला की ५.९ चा आकडा ०.४६ वर येतो. ६.२ किलोवॅटचे होतात ४८० वॅट, आणि २० युनिटांच्या जागी दीड-पावणेदोन युनिटं. पॅनेलं तेवढीच, ऊन तेवढंच.

मात्र फोम कुठला आणि कसा, यावर बरंच अवलंबून आहे, आणि इथे एक दुसरी भानगड आहे: पाणी. हवेचं तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, १७ अंशांच्या जरा खाली असतो. निरभ्र रात्री पत्र्याचं छप्पर आकाशाकडे अवरक्त किरणं फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतं. ते दवबिंदूच्या खाली गेलं की आतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. जहाजावरचे लोक याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात आणि माल भिजू नये म्हणून आत कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. घरात तर माणसं श्वास घेतात, स्वयंपाक करतात, अंघोळ करतात. म्हणून पत्र्यावर थेट फवारून चिकटणारा, बंद पेशींचा (वाफ आरपार जाऊ न देणारा) फोम हवा. काचलोकरीची (ग्लासवूलची) गादी नुसती मागे अडकवली, तर दमट हवा तिच्यातून पत्र्यापर्यंत पोचते, पाणी आतल्या आत साचतं आणि गंज व बुरशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पोलादी आधारपट्ट्या फोममधून आरपार नेल्या तर तोही घात. निव्वळ वाहकतेच्या हिशेबाने एक चौरस सेंटिमीटर पोलाद दोन हजार चौरस सेंटिमीटर फोमइतकी उष्णता नेईल. पृष्ठभागांवरचे हवेचे थर धरले की प्रत्यक्षातला आकडा बराच खाली येतो, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. आतली मोकळी रुंदी मुळात २.३५ मीटरच असल्यामुळे काही जण फोम बाहेरून लावतात. ते मला जास्त पटतं: पत्रा खोलीच्या तापमानाला राहतो, दव धरत नाही, शिवाय पावणेचार टनांतलं बहुतेक पोलाद आतल्या बाजूला राहून तापमानाचे चढउतार मंद करतं. अर्थात फोमवर पुन्हा आच्छादन हवं, नाहीतर ऊनच त्याचा भुगा करतं.

पॅनेलं छपराला चिकटवू नयेत. दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीवर बसवली की खालून वारा खेळतो, छपरावर सावली पडते आणि पॅनेलंही थंड राहतात. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज गमावतं.

‘लोखंडी घर आकाशातली वीज ओढून घेतं’ हा समजही जाता जाता निकालात काढू. वीज कुठे पडणार यात धातूपेक्षा उंचीचा आणि आकाराचा हात मोठा. उलट बंद धातूच्या पेटीत विद्युतप्रवाह बाहेरच्या अंगानेच जातो. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूचा पत्रा मढवलेल्या खोलीत स्वतः बसून हे पडताळलं होतं. खिडक्या कापल्यावर पेटी पूर्ण बंद राहत नाही, त्यामुळे भूसंपर्कन (अर्थिंग) नीट हवं, आणि वायरिंगसाठी ते तसंही हवंच. पेटीचा खरा त्रास मोबाइलच्या सिग्नलला होतो.

‘पुनर्वापर म्हणून पर्यावरणस्नेही’ हा दावाही तपासून घ्यावा. घरांसाठी विकले जाणारे पुष्कळ कंटेनर एकाच फेरीचे, जवळजवळ कोरे असतात. त्यात कचरा वाचला कुठे? खरंच वापरलेला घेत असाल तर दारावरची धातूची पाटी वाचा. उत्पादनाचं वर्ष आणि कमाल भार तिच्यावर असतो, आणि लाकडी तळावर कीटकनाशकाची प्रक्रिया झाली असेल तर बहुधा त्याचीही नोंद तिथेच सापडते. तशी नोंद असेल तर तो प्लायवुड काढून टाकावा, किंवा इपॉक्सीचा जाड थर देऊन पुरता बंद करावा.