नागासाकीच्या टेकडीवर वसईचा दुभाषा

२००८ साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं, तेव्हा काही बातम्यांनी त्यांना ‘पहिल्या भारतीय संत’ ठरवून टाकलं. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत. भारतात जन्मलेल्या एका माणसाला हा मान १८६२ सालीच मिळाला होता, आणि तो होता वसईचा: गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज म्हणून त्याला भारतीय धरायचं की नाही, हा वाद अधूनमधून निघतो. आई इथलीच होती, हे मात्र त्या वादात विसरलं जातं.

जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती आणि किल्ल्यात येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची, शाळा होती. तिथे शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि बघता बघता जपानी बोलू लागला. काही वर्षं त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केलं, पण संघात प्रवेश मिळाला नाही. मिश्र वंश आड आला, असं सहसा सांगितलं जातं. मग त्याने व्यापार धरला, त्यात जम बसवला, आणि शेवटी मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघात ब्रदर झाला. धर्मगुरू नव्हे, साधा ब्रदर.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे निघाले. त्यांना दुभाषा हवा होता, तो गोन्सालोच्या रूपाने मिळाला. तसं पाहिलं तर हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायचं फर्मान काढलं होतं, पण परदेशी व्यापार हवा असल्याने त्याची अंमलबजावणी ढिली होती. त्यात जपान हे येशूसंघीयांचंच क्षेत्र, असं पोपने १५८५ मध्ये ठरवून दिलेलं. नव्याने आलेले फ्रान्सिस्कन क्योतोत उघडपणे काम करू लागल्यावर दोन्ही संघांत धुसफूस वाढली.

ठिणगी पडली १५९६ च्या ऑक्टोबरात. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ जहाज वादळात सापडून जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यातला मौल्यवान माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात, मागाहून सैन्य, असं त्या जहाजावरच्या सुकाणूदाराने बढाईत सांगितल्याची कथा आहे. ती कितपत खरी, यावर पुढे पोर्तुगीज आणि स्पॅनिश एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. हिदेयोशीने मात्र धरपकडीचा हुकूम दिला.

क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले. भर थंडीत महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला आणलं. वाटेत दोघे वाढले आणि संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे जपानी श्रद्धावंत. सर्वांत लहान लुइस बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

१६२७ मध्ये श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्या या सव्वीस रक्तसाक्षींना ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. त्या दिवशीही जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदीच होती. ती उठायला १८७३ उजाडलं. इकडे वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी घेतल्याला सव्वाशे वर्षं होत आली होती. आज वसईजवळच्या गास गावात गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे. निशिझाकावर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीला उभारलेल्या स्मारकात सव्वीस ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या आहेत. त्यातली एक वसईच्या दुभाषाची.