किडनीचा आजार, मग टू-डी इको कशाला?

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जाडसर शेवईएवढी असते. निरोगी उंदराची चिमट्यात धरली तर लवते आणि कात्रीखाली अलगद कापली जाते. किडनी निकामी होत गेलेल्या उंदराची कापताना कात्री अडते. नीट न निवडलेल्या तांदळाच्या भातात दाताखाली खडा येतो ना, तशी पात्याखाली कचकच लागते. मग मी तिचे पातळ काप ॲलिझरिनच्या द्रावणात बुडवते. जिथे कॅल्शियम साठलेलं असतं तिथे शेंदरी लाल रंग चढतो.

हा रंग मूळचा युरोपातल्या एका झाडाच्या मुळांतून काढत. आपली मंजिष्ठा त्याच कुळातली. १७३६ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर्जन जॉन बेल्चर कापड छापणाऱ्या एका माणसाकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं लाल दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की ती डुकरं रंगाच्या पिंपातला कोंडा खाऊन वाढली होती. हाडात हा रंग पक्का बसतो. माझ्या उंदरांच्या महारोहिणीत तो बसतो, कारण तिच्या भिंतीत हाडासारखंच खनिज तयार झालेलं असतं.

पीएचडी झाल्यानंतरची, पोस्टडॉकची ही वर्षं मी याच एका प्रश्नावर घालवते आहे: किडनी बिघडली की हृदय का बिघडतं? मध्यंतरी आत्याचा फोन आला. तिचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज, ४२ वर आला होता. डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं म्हणून ती गोंधळली होती. "अगं, आजार किडनीचा, मग छातीची तपासणी कशाला? काही लपवताहेत का माझ्यापासून?"

कुणी काही लपवत नव्हतं. २००४ साली अमेरिकेत ११ लाख २० हजार प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ईजीएफआर ३० ते ४४ च्या दरम्यान असलेल्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणं असा त्रास होण्याचा धोका किडनी चांगली असलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. १५ च्या खाली गेलेल्यांना साडेतीनपटीच्या जवळपास. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा वाटा हिशेबातून बाजूला काढल्यावरचे हे आकडे आहेत. किडनीचा आजार झाला की लोक डायलिसिसला घाबरतात. प्रत्यक्षात या आजारातले कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच दगावतात, आणि त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण हृदय असतं. दवाखान्यात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डायलिसिसच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरच हे लिहिलेलं आहे. मार्च १९६० मध्ये सिॲटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शिल्ड्स या कामगाराच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली आणि वारंवार डायलिसिस करणं शक्य झालं. किडनी गेलेला माणूस तोवर फार दिवस काढत नसे. शिल्ड्स ११ वर्षं जगले. १९७१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो हृदयविकाराच्या झटक्याने.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८३६ मध्ये, रिचर्ड ब्राइट यांनी हे पाहिलं होतं. तेही गाय्ज हॉस्पिटलचेच. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळते का ते पाहायचं, ही त्यांची तपासणी. त्यांच्या मृत रुग्णांच्या शवविच्छेदनात किडन्या आक्रसलेल्या, तर हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळे. झडपा पुष्कळदा ठीक असत. त्यांनी दोन तर्क मांडले. एक, रक्ताची बिघडलेली प्रतच हृदयाला थेट डिवचत असावी. दोन, तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला जास्त जोर लागत असावा. दुसरा तर्क रक्तदाबाकडे गेला आणि शतकभर सगळ्यांचं लक्ष तिथेच राहिलं. आमचं काम पहिल्या तर्कावर चाललं आहे.

या बिघडलेल्या रक्तातला एक मोठा आरोपी म्हणजे फॉस्फेट. डाळी, दूध, मांस, सगळ्यातून ते पोटात जातं आणि जास्तीचं किडनी लघवीतून टाकून देते. किडनीतल्या गाळण्या कमी झाल्या की हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतात. उरलेल्या प्रत्येक गाळणीने जास्त फॉस्फेट बाहेर टाकावं, असा त्याचा निरोप असतो. बरीच वर्षं हे चालून जातं. म्हणूनच आत्याच्या रिपोर्टमध्ये फॉस्फेट नॉर्मल होतं. ते नॉर्मल ठेवण्यासाठी शरीर आतून किती रेटा लावतंय, हे त्या आकड्यात दिसत नाही. डायलिसिसच्या टप्प्यापर्यंत एफजीएफ-२३ शेकडो पटींनी वाढलेलं असू शकतं.

हा निरोप किडनीला ऐकू यायला क्लोथो नावाचं प्रथिन लागतं. १९९७ मध्ये जपानमध्ये माकोतो कुरो-ओ यांच्या गटाने ते शोधलं. ते नसलेले उंदीर लवकर म्हातारे होत आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठे. म्हणून आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचं नाव त्याला मिळालं. आजारी किडनीत क्लोथो कमी होत जातं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की क्लोथोची मदत नसतानाही एफजीएफ-२३ हृदयाच्या पेशींना चिकटून त्या फुगवतं. पण एका आनुवंशिक मुडदूस आजारात एफजीएफ-२३ जन्मभर जास्त असतं आणि फॉस्फेट कमी, तरी हृदय तसं सरसकट जाड होताना दिसत नाही. म्हणजे दोष एकट्या संप्रेरकावर टाकून भागणार नाही. वाढलेलं फॉस्फेट आणि घटलेलं क्लोथो त्याच्या जोडीला असणं महत्त्वाचं असावं, असं मला वाटतं.

रक्तवाहिनीची गोष्ट तर मला अजूनही थक्क करते. तिच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूंच्या पेशी आम्ही बशीत वाढवतो. पोषकद्रवातलं फॉस्फेट वाढवलं की काही दिवसांत त्या स्नायूचे गुण सोडतात, हाडाच्या पेशींची जनुकं चालू करतात आणि खनिज रचू लागतात. कॅल्शियम नुसतं येऊन बसत नाही, पेशी ते बसवतात. ताठ झालेली महारोहिणी हृदयाच्या ठोक्याबरोबर फुलत नाही, डाव्या कप्प्याला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जाड होतो. डायलिसिस सुरू होतानाच चारांतल्या तिघांचा डावा कप्पा जाड झालेला असतो.

म्हणून हा हृदयविकार नेहमीच्या 'ब्लॉकेज'पेक्षा वेगळा आहे. २००५ मध्ये जर्मनीत मधुमेह असलेल्या १,२५५ डायलिसिस रुग्णांवर कोलेस्टेरॉलच्या गोळीची चाचणी झाली. कोलेस्टेरॉल भरपूर उतरलं, पण हृदयाचे झटके आणि मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. (डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात ही गोळी उपयोगी पडते, तेव्हा आपल्या मनाने ती कुणी बंद करू नये.)

मदत आली ती मधुमेहाच्या औषधांकडून. डापाग्लिफ्लोझिनची २०२० मधली चाचणी ४,३०४ रुग्णांवर झाली, त्यात मधुमेह नसलेलेही होते. किडनी आणखी ढासळणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू येणं, यांचं एकत्रित प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या, १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या एका रसायनात आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपल्यामुळे स्वस्त गोळ्याही मिळतात. कुणाला द्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आत्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्याबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही करून घे. ब्राइट चमच्यात जे पाहत होते तेच ती मोजते. आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाच. ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले, तर त्यात फॉस्फेट मिसळलेलं आहे. डाळीतलं फॉस्फेट शरीर अर्धवटच शोषतं, हे मिसळलेलं जवळजवळ सगळं. कोलाच्या बाटलीवर ३३८ सापडला, तशी तिने लगेच नातवाकडून बाटली काढून घेतली.

इकडे माझ्यासमोर वेगळंच कोडं आहे. एकाच पिंजऱ्यातले, एकाच वयाचे, आठ आठवडे एकच खाद्य खाल्लेले दोन उंदीर. दोघांच्या किडन्या सारख्याच खराब. एकाची महारोहिणी टोकापासून टोकापर्यंत लाल, दुसऱ्याची जवळजवळ कोरी. दोघांचं रक्त उणे ८० अंशांवर ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात मी कोऱ्या महारोहिणीवाल्याचं रक्तद्रव बशीतल्या पेशींवर घालणार आहे, आणि शेजारच्या बशीत दुसऱ्याचं.