टेबलांची स्वयंचलित दुरुस्ती

डेटाबेसमधले टेबल (नोंदींचा तक्ता) बिघडल्याचे प्रोग्रामने स्वतः ओळखून, तंत्रज्ञाची वाट न पाहता ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याची व्यवस्था. सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकाने, गावोगावची दूध संकलन केंद्रे, पतसंस्थांच्या लहान शाखा अशा ठिकाणी संगणक जाणणारा माणूस हाताशी नसतो. तिथे या व्यवस्थेचे मोल अधिक.

बिघाडाचे मूळ बहुधा अर्धवट राहिलेल्या लिखाणात असते. एक नोंद वाढवायची तर खुद्द नोंद, तिचा इंडेक्स (नोंद चटकन शोधण्याची सूची) आणि एकूण नोंदींचा आकडा अशा निरनिराळ्या जागी लिहावे लागते. मध्येच वीज गेली की काही जागा नव्या होतात, काही जुन्याच राहतात. एप्रिल-मेमध्ये हळदीचे सौदे चालू असतानाच वळीव येतो आणि लाइट जाते. दिवाणजी वजन, दर, तोलाई, हमाली भरून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) काढत असेल, तर नेमकी तीच नोंद अडकते.

फॉक्सप्रोसारख्या जुन्या डेटाबेस प्रणालींच्या डीबीएफ फाइलीत, म्हणजे टेबल साठवणाऱ्या फाइलीत, हे स्पष्ट दिसते. फाइलीच्या आरंभी हेडर, म्हणजे फाइलीची माहिती देणारा भाग असतो. त्यात नोंदींची संख्या चार बाइटांत, तर हेडरची लांबी आणि एका नोंदीची लांबी प्रत्येकी दोन बाइटांत लिहिलेली असते. समजा, हेडर ५१३ बाइटचा, नोंद २०० बाइटची आणि शेवटची खूण सोडून फाइल ८,३६,५१३ बाइटची आहे. वजाबाकी-भागाकार केला की नोंदी ४,१८० निघतात. हेडर मात्र ४,१८१ सांगतो. म्हणजे आकडा वाढला, पण शेवटची पट्टी डिस्कवर पोचलीच नाही. दुरुस्ती करणारा प्रोग्राम हाच हिशेब करून हेडरमधला आकडा बदलतो आणि इंडेक्स नव्याने बांधतो. इंडेक्स फाइलीचाच आरंभ खराब झाला असेल तर इंडेक्स पुन्हा बांधणारी 'रीइंडेक्स' आज्ञा पुरत नाही, कारण ती इंडेक्सची व्याख्या त्याच फाइलीतून वाचते. म्हणून या व्याख्या प्रोग्राममध्ये वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात.

इंडेक्स हा मूळ नोंदींवरून केव्हाही पुन्हा तयार करता येतो. हरवलेली नोंद तशी येत नाही. त्यामुळे इंडेक्सची दुरुस्ती न विचारता करायला हरकत नाही. नोंदी गळणार असतील तिथे मात्र गुपचूप दुरुस्ती करणे हा हिशेबातला अपराधच समजला पाहिजे. शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी असते आणि खात्यात ती नसते. प्रोग्रामने आधी फाइलीची प्रत काढावी, मग दुरुस्ती करावी आणि शेवटी 'अमुक क्रमांकापर्यंतच्या पट्ट्या शिल्लक आहेत' असे मराठीत सांगावे, म्हणजे दिवाणजीला स्थळप्रतीवरून पुढची पट्टी पुन्हा भरता येते. इतर संगणकांवर तेच टेबल उघडे असताना दुरुस्तीला हात घालू नये.

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमधील मायआयसॅम प्रकारच्या टेबलांसाठी ही सोय सर्व्हरमध्येच आहे. तशी सेटिंग केल्यास टेबल उघडताना ते नीट बंद झाले होते का, हे तपासले जाते आणि गरज पडल्यास दुरुस्ती होते. बॅकअपचा पर्याय दिला तर दुरुस्तीत बदललेल्या डेटा फाइलीची जुनी प्रतही राहते. 'रिपेअर टेबल' ही दुरुस्तीची आज्ञा चालू असताना सर्व्हर बंद पडला, तर त्या टेबलावर दुसरे काहीही करण्याआधी तीच आज्ञा पुन्हा द्यावी लागते. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीत २००९च्या २.९ आवृत्तीपासून दुरुस्तीचे पान आहे; ते सेटिंग करून चालू करावे लागते. वापरकर्त्यांचे टेबलच बिघडलेले असू शकते, म्हणून ते लॉगिनशिवाय उघडते. काम झाल्यावर त्याची सेटिंग काढून टाकणे आवश्यक असते.

मायएसक्यूएल ५.५ (२०१०) पासून वेगळा प्रकार न सांगितल्यास आपोआप वापरल्या जाणाऱ्या इनोडीबी या टेबल-प्रकाराची रीत वेगळी आहे. बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) पक्का होतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग वाचून अर्धवट व्यवहार पुरे केले किंवा मागे घेतले जातात. 'रिपेअर टेबल' तिथे लागू होत नाही. सर्व्हर नेहमीसारखा सुरूच होत नसेल तर सक्तीच्या पुनर्प्राप्तीच्या १ ते ६ पायऱ्या आहेत, पण चौथीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. त्या प्रोग्रामच्या हाती देऊ नयेत.

डिस्कच निकामी झाली तर यांपैकी काहीच कामाला येत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. अशा पुरात बुडालेल्या संगणकातला हिशेब पुन्हा उभा करायचा, तर बॅकअप दुसऱ्या, उंचावरच्या जागी ठेवलेला असावा लागतो.